गार असली की कुरकुरते

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचाच्या मधोमध एक जुनी निळी पिकअप उभी आहे. तिचं बॉनेट उघडं, आणि त्या उघड्या जबड्यात एक माणूस कंबरेपर्यंत शिरलेला. आपल्याला त्याचं फक्त पाठमोरं ध्यान दिसतंय: तेलाचे डाग पडलेली विजार आणि टाचेकडून झिजलेल्या चपला. डावीकडे पत्र्याची शेड, उजवीकडे दोन खोल्यांचं घर. घराच्या पुढच्या खोलीला रुंद खिडकी, खिडकीशी शिलाई मशीन, आणि मशीनमागे आपली नायिका. तिच्या हातात शाळेच्या गणवेशाची बाही आहे, पाय पायडलवर आहेत, पण नजर? नजर त्या विजारीवर. नुसत्या नजरेने कापड उसवता आलं असतं तर भाऊची त्या क्षणी भर अंगणात अब्रू गेली असती.

सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची, कारण सगळी गल्ली तिच्या नवऱ्याला भाऊ म्हणायची. भाऊ भाड्याने सामान वाहायचा. कुणाचं कपाट, कुणाच्या विटा, कुणाचं अख्खं बिऱ्हाड. वहिनी गणवेश, पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची, आणि विजारींच्या लांबीवरून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची. अंगाने बारीक, आवाजाने खणखणीत. सकाळी उठल्या उठल्या तिची पट्टी सुरू व्हायची. नळाला धार नाही, दाराची कडी लागत नाही, तुमचा टॉवेल पुन्हा माझ्या कापडावर. ती चिडलेली नसायची बरं का. वाजंत्री जशी आधी वाद्यं लावून घेतात, तसं तिचं ते दिवस लावून घेणं होतं. तासाभरात मशीन लागलं, की सूर लागायचा. आणि खरंच डोकं तापलं, तर मात्र ती एकदम गप्प व्हायची. घरातल्यांना तिच्या कुरकुरीची नाही, त्या गप्प बसण्याची भीती वाटायची.

संध्याकाळ मात्र तिची होती. भाऊ आला की दोघं पायरीवर चहा घेऊन बसत, आणि तो दिवसभराच्या खेपा सांगायचा. कुठल्या जिन्यावर सोफा अडकला, कुठल्या नवराबायकोत घर बदलताना जुन्या गादीवरून जुंपली. वहिनी हसून हसून डोळे पुसायची. जग तिने फार पाहिलं नव्हतं. जे पाहिलं ते त्या पायरीवरून, भाऊच्या तोंडून.

मग पिकअपच्या इंजिनात टिकटिक सुरू झाली, आणि पायरी ओस पडली.

आवाज तसा मोठा नव्हता. कुणी नखाने डबा वाजवावा तसा. टिक, टिक, टिक. वेग वाढवला की भराभर. चौकातल्या मिस्त्रीने लांब पेचकस इंजिनाला टेकवला, त्याची मूठ कानाशी धरली, डोळे मिटले आणि निकाल दिला: टॅपेटचा, म्हणजे आतल्या झडपांचा, आवाज. इंजिन वरून उघडावं लागेल, आणि एकदा उघडलं की आत काय काय निघेल ते सांगता येत नाही. भाऊचं तोंड उतरलं. गाडी उघडून पडली म्हणजे धंदा पडला. कुणीतरी सांगितलं, घाईने उघडू नकोस, आधी स्पेअरपार्टच्या दुकानातल्या मॅडमना विचार.

इथे दुसऱ्या स्त्रीपात्राचा प्रवेश.

या मॅडम म्हणजे बापाचं दुकान एकटीने चालवणारी बाई. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. काउंटरवर ठेवलेला कुठलाही भाग हाताने चाचपून कुठल्या गाडीचा ते सांगायची. शहरभरचे ड्रायव्हर तिच्यापुढे शाळेतल्या पोरांसारखे उभे राहत. वहिनीने तिला एकदाही पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच मनातल्या मनात पुरतं पाहून ठेवलं होतं. वहिनीच्या डोक्यातली काउंटरवाली उंच होती, गोरी होती आणि खळी पाडून हसायची.

भाऊ रोज दुपारी तिकडे जाऊ लागला. संध्याकाळी परत आला की हात धुऊन थेट बॉनेटमध्ये. चहा पायरीवर निवायचा. वहिनी विचारायची, आज खेप कुठली होती? उत्तर यायचं बॉनेटमधून: मॅडम म्हणाल्या, ऑइल बघा. दुसऱ्या दिवशी: मॅडम म्हणाल्या, प्लग काढून बघा. मॅडम म्हणाल्या, मॅडम म्हणाल्या. वहिनीला वाटायचं, या घरात आता भिंतीही उद्या मॅडम म्हणाल्या म्हणून बोलायला लागतील.

पण खरा बाण लागला तो बटणाचा. रात्रीच्या जेवणाला भाऊ समोर बसला, आणि वहिनीची नजर त्याच्या सदऱ्याच्या मधल्या बटणावर गेली. बटण तिने लावलेलं नव्हतं. तिची बटणं दोन समांतर टाक्यांची, खाली दोऱ्याचा नाजूक देठ. हे बटण बारीक तांब्याच्या तारेने बांधलं होतं, आणि तारेची टोकं पिळून आत वळवली होती.

तिने शांतपणे विचारलं, हे काय. भाऊने सहज सांगितलं, बॉनेटच्या कडीत अडकून तुटलं, मॅडमनी तिथल्या तिथे बांधून दिलं. आणि वर कौतुकाने म्हणाला, “काय पक्कं बसलंय बघ. आता जन्मात निघायचं नाही.”

शिलाईवालीच्या नवऱ्याला भर बाजारात परक्या बाईने बटण लावून द्यावं, तेही तारेने, आणि ते पक्कं निघावं! वहिनीने हातातला घास ताटात परत ठेवला. भाऊ झोपल्यावर तिने पक्कड आणून ती तार तोडली, बटण दोऱ्याने लावलं, वर आणखी टाके घातले, आणि मग त्याच दोऱ्याने इतर सगळी बटणंही पुन्हा लावली. त्यांचा काहीच दोष नव्हता.

नणंदेचं घर मागच्याच गल्लीत. ती उशांचे अभ्रे न्यायला आली आणि जखमेवर मीठ चोळून गेली. म्हणे, भाऊ हल्ली दुकानात जाताना केस विंचरून जातो म्हणतात. वहिनी म्हणाली, विंचरू देत, राहिलेत किती. नणंद हसली, पण जाता जाता अभ्रे काखेत धरून दारात थबकली. “माझा भाऊ साधा आहे गं,” ती म्हणाली, “पण ऐकून घेणारी बाई भेटली की साधे पुरुष आधी घसरतात.”

हे वाक्य वहिनीच्या कानात माशी अडकावी तसं अडकलं. मी काय ऐकून घेत नाही? रोज पायरीवर कोण बसत होतं?

आणि मग तो फोन.

सकाळची वेळ. वहिनी मागच्या खोलीत कापड ओलं करत होती. भाऊ शेडमध्ये फोनवर. पिकअप नुकतीच बंद केलेली. तो कुणाशी बोलतोय ते वेगळं सांगायला नको होतं. मॅडमशी बोलताना त्याचा आवाज इस्त्री केल्यासारखा व्हायचा. आपल्या भाषेत गाडीही ‘ती’ आणि बायकोही ‘ती’. मराठी भाषा बाकी गोड आहे, पण इथे तिने घात केला. वहिनीने कान टवकारले, आणि तिच्या कानांवर पडलं ते असं:

“सकाळी गार असली की कुरकुर सुरू… हो हो, रोज… नाही, जरा तापली की आपोआप गप्प बसते… भार टाकला की जास्तच… वय झालं ना आता तिचं.” मग थोडा वेळ तिकडचं ऐकणं, आणि एक लांब सुस्कारा. “छे हो, टाकवत नाही. इतक्या वर्षांची साथ आहे.”

वहिनीच्या हातातलं कापड बादलीत पडलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कुठल्या रस्त्याने जाते ते तिला त्या दिवशी कळलं. आपली सकाळची कुरकुर या माणसाने वेशीवर टांगली. आणि कुणापुढे! वर काय, तर टाकवत नाही. म्हणजे टाकायचा विचार करून झाला होता तर. बरं, वर्णनात खोट काढायला जागा नव्हती. सकाळी कुरकुर, तापली की गप्प. इतकं अचूक वर्णन तिच्या आईनेसुद्धा कधी केलं नसतं.

तिने ठरवलं, आता कुरकुर नाही. एक शब्द नाही. करू देत मॅडमशी चर्चा, चर्चेला विषयच ठेवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी नळाला धार नव्हती, वहिनी गप्प. दाराची कडी लागली नाही, गप्प. ओला टॉवेल गणवेशाच्या कापडावर पडलेला दिसला, तेव्हा ती ओठ चावून उभी राहिली आणि दोन बोटांनी तो उचलून दोरीवर टाकला. भाऊने विचारलं त्याला हं, नाहीतर उंहं. तिला वाटलं, आज विचारेल, उद्या विचारेल, काय झालं म्हणून. दिवसामागून दिवस गेले. भाऊने विचारलं नाही. उलट एकदा चहाचा घोट घेऊन समाधानाने म्हणाला, “हल्ली सकाळी बरं शांत असतं. त्यामुळे इंजिनाचा आवाज कसा स्वच्छ ऐकू येतो.”

बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं, तो काय बोलला ते.

त्याच दुपारी, भाऊ लांबच्या खेपेवर असताना, वहिनीने मशीनवर कापड टाकलं, केस नीट केले, ठेवणीतला पोशाख अंगावर चढवला आणि स्पेअरपार्टच्या दुकानाची वाट धरली. मशीनचं तेल संपलंय हे निमित्त. तेलाची कुपी कपाटात भरलेली होती.

दुकान अरुंद, आत लांबच लांब गेलेलं, रबराच्या वासाचं. छतापर्यंत खोकी. पट्टे आणि नळ्या खुंट्यांवर लोंबत होत्या. काउंटरमागे बसलेली बाई उंच नव्हती, गोरी नव्हती, आणि खळीचं तर नावच नको. भरल्या अंगाची, वहिनीच्याच वयाची, बोटांच्या पेरांत काळं ग्रीस मुरलेली. वहिनीला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. देखणी असती तर समजूत पटली असती. हिच्याकडे रूप नसताना नवरा रोज येतो, म्हणजे रूपाहून काहीतरी वेगळं आहे, आणि ते जास्त वाईट.

तिने मशीनचं तेल मागितलं. काउंटरवालीने कुपी पुढे ठेवली, चष्मा चढवून तिला न्याहाळलं आणि विचारलं, भाऊंची मंडळी का? वहिनीने मान हलवली. काउंटरवालीचा चेहरा एकदम मोकळा झाला.

“मग काय म्हणते ती? सकाळची कुरकुर थांबली का?”

भर दुकानात. दोन ड्रायव्हर बाजूला उभे. वहिनीचा आवाज थंडगार निघाला. “थांबली. किती दिवस झाले, तोंड उघडलेलं नाही.”

“आपोआप?” काउंटरवालीने भुवया उंचावल्या. “असं होत नाही. कुणीतरी आवळलं असणार. कुठेतरी ढिली झाल्याशिवाय अशी कुरकुरत नाही.”

“मला आवळणारा अजून जन्माला यायचाय,” वहिनी म्हणाली.

दुकानात क्षणभर नाटकातला विराम पडला. अशा वेळी समोरच्या पात्राने घाई करायची नसते, आणि काउंटरवालीने केली नाही. तिने वहिनीकडे पाहिलं. मग कुपीकडे. मग पुन्हा वहिनीकडे. आणि हळूहळू तिच्या खांद्यांना हिसके बसू लागले. चष्मा काढून ती डोळे पुसायला लागली. ड्रायव्हरांना काही कळलं नाही, पण तेही हसू लागले. वहिनीला उलगडा झाला तो चेहऱ्यापासून. आधी तो लाल झाला, मग गरम, आणि सगळ्यात शेवटी तिला त्याचं कारण समजलं. गाडी. गाडी कुरकुरत होती. गाडी टाकवत नव्हती.

काउंटरवालीने स्टूल पुढे सरकवलं. ड्रायव्हरांना नजरेनेच बाहेर काढलं. मग तिने सगळं नीट सांगितलं. मिस्त्री म्हणतो टॅपेट, पण टॅपेट गार असो की गरम, वाजत राहतो. ही तापली की गप्प होते. म्हणजे लोखंड लोखंडावर आपटत नाहीये. इंजिनाला धुराचा नळ जिथे जोडलाय, तिथल्या सांध्यातून हवा निसटत असणार. गार असताना फट उघडी, म्हणून टिकटिक. तापलं की लोखंड फुगतं, फट बुजते, आवाज बंद. पेचकसातून लोखंड ऐकू येतं, हवा ऐकू येत नाही. त्यासाठी रबराची नळी कानाला लावून, तिचं दुसरं टोक सांध्यावरून फिरवावं लागतं. पण गार इंजिन ॲक्सिलेटर दाबून धरल्याशिवाय चालू राहत नाही. एक माणूस पायाला हवा आणि एक कानाला. भाऊ एकटे.

“म्हणून उद्या सकाळी मीच येणार आहे,” ती म्हणाली. “ते पाय देतील, मी कान देईन.”

आता खरं तर प्रकरण मिटलं होतं. गैरसमज दूर, दोन्ही बायका हसलेल्या, पडदा पाडायला हरकत नव्हती. पण मत्सराला गैरसमजाची गरज असतेच असं नाही. वहिनी स्टुलावर बसली होती आणि तिच्या आत काहीतरी आधीपेक्षा जोरात जळायला लागलं होतं. एक माणूस कानाला हवा होता. ती खिडकीत बसलेली असते, हाक मारली तर ऐकू येईल इतक्या जवळ. आणि हा माणूस कान मागायला इतक्या लांब चालत आला. गाडी कशी कुरकुरते ते त्याने परक्या बाईला कानगोष्टीसारखं सांगितलं. बायको का गप्प आहे ते त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

“नळी द्या,” वहिनी म्हणाली.

“कशाला?”

“कान मी देईन.”

 काउंटरवालीने खुंटीवरून नळी काढली आणि हातभर तुकडा कापला. मग काउंटरच्या कडेला एक टॉर्च आणि जाड हातमोजे काढून ठेवलेले होते, ते उचलून तिने परत खणात टाकले आणि खण बंद केला. उद्याच्या सकाळसाठी काढून ठेवलेले होते ते. वहिनीने ते पाहिलं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली. या बाईलाही सकाळी कुणाच्या तरी अंगणात जायचं होतं. निघताना वहिनीने मशीनच्या तेलाची कुपी घेतली, गरज नसताना.

त्या संध्याकाळी भाऊ आला तेव्हा त्याला निरोप मिळाला होता, मॅडम येणार नाहीत. तो हिरमुसून बॉनेटमध्ये शिरला. वहिनीने त्याला काही सांगितलं नाही. जळू दे थोडं त्यालाही.

सकाळी तो गाडीत बसायला गेला, तर बॉनेट उघडं आणि समोर वहिनी. केस घट्ट बांधलेले, एका हातात नळी, मानेभोवती मोजमापाची टेप तशीच राहिलेली. भाऊने विचारलं, तू काय करतेस? तिने बोटाने सीट दाखवली. त्याने विचारलं, मॅडमनी शिकवलं का? तिने पुन्हा सीट दाखवली, आता जरा जोरात. तो मुकाट्याने चढला.

इंजिन खोकलं, थरथरलं, सुरू झालं. टिक, टिक, टिक. वहिनीने नळीचं एक टोक कानात धरलं आणि दुसरं घेऊन ती पंख्यापासून दूर राहत वाकली. नळीत आधी नुसता गोंगाट. मग हळूहळू तिचा कान सरावला. मशीनमध्ये सुई बोथट झाली की ती कापड न बघता ओळखायची. हाही तसाच धागा धागा सोडवायचा प्रकार होता. पुढच्या सांध्यावर काही नाही. मधल्यावर काही नाही. मागच्या टोकाला नळी गेली, आणि कुणीतरी तिच्या कानात फुंकर मारली. फुक्, फुक्, फुक्. लोखंडाचा आवाज नव्हताच तो. ओठांचा चंबू करून कुणी निखारा फुलवावा तसा.

तिने खिशातला शिलाईचा खडू काढला आणि तिथे पांढरी खूण केली. मग भाऊला हाताने खुणावलं, बंद करा.

भाऊ उतरून आला, वाकला. खुणेच्या शेजारी काजळीचा काळा ओरखडा होता, आणि बोल्टच्या जागी नुसतं भोक. बोल्ट तुटून कधीच पडला होता. सांध्यात हवा अडवणारी पट्टी तिथे जळून गेली होती. इंजिन उघडायची गरज नव्हती. नवी पट्टी, नवा बोल्ट, बस्स. भाऊ त्या खडूच्या खुणेकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा उजळला. त्याने खिशात हात घातला आणि पहिली गोष्ट काय केली असेल? फोन काढला.

“थांब, मॅडमना सांगतो.”

बोट नंबरावर टेकलं, आणि त्याने सहज मान वर केली. वहिनी समोर उभी होती. गालाला काजळी, कानाला नळीचा लाल वळ. डोळे भरलेले होते, पण ती रडत नव्हती. तापली होती. आणि गप्प होती.

रंगभूमीवर मी नटांना पाहिलंय, पानभर संवाद तोंडपाठ करून येतात आणि समोरच्या पात्राकडे एकदाही बघत नाहीत. मग एखाद्या प्रयोगाला चुकून नजर जाते, आणि त्यांना पहिल्यांदा कळतं की समोर कुणीतरी उभं आहे. भाऊचं तसंच झालं. फोन हातातच राहिला. त्याने विचारलं, “तू किती दिवस बोलली नाहीस गं?”

 त्याने फोन खिशात टाकला, बॉनेट लावलं. पट्टी आणायला दुकानात जावं लागेल, असं पुटपुटला, आणि ते बोलतानासुद्धा परवानगी मागितल्यासारखा बोलला. मग, बायकोला गृहीत धरणाऱ्या नवऱ्यांनी लिहून ठेवावं असं एक काम त्याने केलं: गाडीला वळसा घालून गेला आणि पलीकडचं दार उघडून धरलं.

वहिनी जागची हलली नाही. मानेवरची टेप काढून तिने सावकाश गुंडाळली, नळी त्याच्या हातात दिली आणि आत चढून बसली. तो स्टिअरिंगशी येऊन बसला, चावीला हात लावला, आणि तेवढ्यात ती बोलली.

“चला. आणि दुकान येईपर्यंत गाडीबद्दल एक अक्षर काढायचं नाही, आता मी बोलणार आहे.”